पान एकशे बारावरचं वाक्य

एम.ए.ला असताना वर्गात कुणाला एखादा लेख हवा असला की माझा फोन वाजायचा. "असंघटित कामगारांवर काहीतरी दे ना, उद्या प्रेझेंटेशन आहे." मी दहा मिनिटांत तीन चांगले लेख पाठवून द्यायचे. वर्गात अंध अशी मी एकटीच होते, आणि ग्रंथालयाची वेबसाइट सगळ्यांत जास्त मीच वापरत होते.

मला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. तो मी इतका भरभर लावते की शेजारच्याला नुसती गुणगुण ऐकू येते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन पहिल्याच महिन्यात मिळालं आणि पिंपरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून जगभरची नियतकालिकं उघडता येऊ लागली. बाकीची मुलं एखादा ढोबळ शब्द टाकायची, ढिगाने निकाल यायचे, मग त्यांच्यावरून नजर फिरवून वरवरचे दोन लेख उचलायची. मला फिरवायला नजर नव्हती. एकेक निकाल ऐकत बसले असते तर डिग्री तशीच राहिली असती. म्हणून मी नेमकं मागायला शिकले. कुठला शब्द अवतरणचिन्हांत टाकायचा, कुठला वगळायचा, शोध फक्त सारांशात कसा करायचा, हे मी दोन आठवडे बसून घोटून घेतलं. पुढे मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे. गुण वगैरे काही नव्हता, सवय होती.

पण हे सगळं इंग्रजीत. मराठीपाशी आलं की गाडी अडायची.

माझ्या प्रबंधिकेचा विषय चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली भाड्याची घरं हा होता. निघोजे, महाळुंगे आणि आसपासच्या गावांत कंपन्या आल्यावर शेताच्या कडेने खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत कोण राहायला आलं, कोण आलं नाही, याचा मला अभ्यास करायचा होता. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एक जुना प्रबंध आहे मराठीत. कंपन्या नुकत्या येत होत्या तेव्हाचा. त्या गावांवर इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस."

प्रबंध ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात होता. मी फाइल उतरवून घेतली आणि उघडली. स्क्रीन रीडर म्हणाला, "रिकामा दस्तऐवज." पुढचं पान, तेच. कुणीतरी टाइपरायटरवर टाइप केलेली ती तीनशे पानं एकेक करून स्कॅन केली होती, म्हणजे तीनशे फोटो काढून ठेवले होते. बघणाऱ्याला त्यात अक्षरं दिसत होती. माझ्या आवाजाला मात्र तिथे काहीच नव्हतं.

मी बस पकडून विद्यापीठात गेले आणि ग्रंथपाल सरांना भेटले. ते पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. मी काय म्हणते ते त्यांनी ऐकून घेतलं.

"अगं, पण फाइल तर नीट आहे," ते म्हणाले. "मी आत्ता उघडलीय. सगळं स्वच्छ दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय, सर. मला ऐकू येत नाही."

ते म्हणाले, "एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवायला सांग ना. इथे वाचनकक्षात बसा, मी परवानगी देतो."

शाळेपासून मी दुसऱ्यांच्या तोंडून खूप वाचलंय, आणि त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण वाचून दाखवणारा माणूस तळटीपा गाळतो, तक्ता आला की "यात काही विशेष नाही" म्हणतो आणि चारच्या सुमाराला जांभया द्यायला लागतो. मला तो प्रबंध स्वतः वाचायचा होता, मागे-पुढे जात, एकच ओळ पाच वेळा ऐकत. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग तूच काही मार्ग काढलास तर मलाही सांग." त्या वेळी मला राग आला होता. पण तो माणूस ते मनापासून म्हणत होता, हे पुढे कळलं.

चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सॉफ्टवेअर्स असतात. मी त्यातलं एक वापरलं. छापील पुस्तकाला ते बरं चालतं. टाइपरायटरच्या पुसट, झिजलेल्या अक्षरांपुढे ते भांबावलं. घरातल्या टेबलावर मी पहिलं पान लावलं आणि आवाज सुरू झाला, "गावातील माडेकरूंच्या रवोल्या व धरमालक."

माझे वडील शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय म्हणायलंय?"

"भाडेकरूंच्या खोल्या आणि घरमालक म्हणायचंय त्याला, पप्पा. 'भ'चा 'म' झालाय, 'ख'चा 'रव'."

"दाखव बरं."

वडील तेव्हा निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. परभणीकडून ते तरुणपणी पिंपरीला आले आणि सगळी नोकरी त्यांनी एका कंपनीच्या तपासणी विभागात काढली. कंपनीने नवा कारखाना महाळुंग्याच्या बाजूला काढल्यावर ते पिंपरीहून कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागले, ते थेट शेवटच्या दिवसापर्यंत. तयार झालेला भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', हातात घ्यायचा, मापायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला मापायला काही उरलं नव्हतं. सोसायटीत पाण्याची मोटर किती वाजता सुरू होते यावरून वॉचमनशी त्यांचे रोज खटके उडायचे.

मी त्यांना पडद्याचे दोन भाग करून दिले. डावीकडे मूळ पानाचा फोटो, उजवीकडे सॉफ्टवेअरने काढलेला मजकूर. डावीकडचं बघून उजवीकडचं दुरुस्त करायचं. टाइपिंग त्यांना येत नव्हतं. पहिल्या दिवशी एका बोटाने, शोधत शोधत, त्यांनी अर्धं पान केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते माझ्या आधी टेबलाशी बसलेले होते.

आठवड्याभरात त्यांनी एक वही सुरू केली. कुठल्या अक्षराचं कुठलं होतं, किती वेळा होतं, हे त्यात लिहायचं. "दोष एकदा कळला की तो परत परत तिथंच येतो," ते म्हणाले. मी त्यांना 'शोधा आणि सगळीकडे बदला' शिकवलं. ते इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या 'धर'चं 'घर' करून टाकलं. त्या दुपारी स्क्रीन रीडरने वाचलं, "घरणग्रस्तांचे पुनर्वसन." चार ओळींनी "हिंदू घर्म" आला. मी हसून हसून बेजार झाले. वडील मात्र हसले नाहीत. सगळा भाग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासला आणि त्यानंतर कधीही सगळीकडे एकदम बदल केला नाही.

"थोडंफार चुकलं तरी मला कळतं, पप्पा," मी म्हणायचे. "इतकं बारीक नका बघू."

"मापाला थोडीफार सूट असते," ते म्हणायचे. "अक्षराला नसते."

ते रोज सात-आठ पानं पूर्ण करून द्यायचे आणि मी ऐकायचे. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी मराठीतलं असं जाडजूड पुस्तक कुणाच्याही तोंडाकडे कान न लावता वाचत होते. लेखकाची शैली हळूहळू ओळखीची झाली. तो जुन्या वळणाचं लिहायचा. 'करीत', 'नसत', 'जात असत'. वाक्य लांब, पण तोल न जाणारं. गावातल्या पाणवठ्यांबद्दल, विकलेल्या जमिनींबद्दल तो इतकं नेमकं लिहायचा की पान संपलं की मी ते परत लावायचे.

असं करत आम्ही एकशे बाराव्या पानावर आलो. तिथे गावातल्या भाड्याच्या खोल्यांचा भाग होता, म्हणजे माझ्या कामाचा गाभाच. मी ऐकत होते.

"बाहेरून आलेले कामगार गावात राहण्यास उत्सुक असत, पण त्यांच्यातल्या काहींना आडनाव ऐकल्यावर खोली मिळायची नाही. म्हणून मग पिंपरीहून बसने ये-जा करावी लागायची."

मी थांबले. परत लावलं. 'मिळायची नाही'. 'म्हणून मग'. एकशे अकरा पानांत या लेखकाने एकदाही असं लिहिलं नव्हतं. हा बोलण्याचा सूर मला चांगलाच माहीत होता. तो रोज सकाळी माझ्या शेजारी बसून चहा प्यायचा.

सॉफ्टवेअरने काढलेला कच्चा मजकूर मी कधी पुसत नाही, वेगळा ठेवते. मी तो उघडला. अक्षरं मोडकी होती, पण अर्थ लागत होता. मूळ वाक्य असं होतं : "बाहेरून आलेले कामगार गावात राहण्यास फारसे उत्सुक नसत. पिंपरीहून कंपनीच्या बसने ये-जा करणे ते पसंत करीत."

वडील गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी त्यांना आत बोलावलं.

"पप्पा, एकशे बारावरचं हे वाक्य तुमचं आहे."

चिमट्यांची टोपली त्यांनी टेबलावर ठेवली.

"त्याने लिहिलंय, ते पसंत करीत," मी म्हणाले.

"आम्ही पसंत केलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली होता. "शिफ्ट संपल्यावर बसमध्ये बसून इतक्या लांब यायची कुणाला हौस होती? कारखान्यापासून चालत जाता येईल अशा गावात खोली बघितली होती मी. तू दोन वर्षांची होतीस. मालकानं नाव विचारलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग गाव. मग म्हणाला, माझी भाची यायलीय राहायला, विसरलोच होतो. पुढच्या गावात गेलो, तिथंही भाचीच. आमच्या बसमध्ये असे बरेच होते. आम्ही आपसात म्हणायचो, काय रे, तुझ्याकडं भाची आली का पुतणी?"

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आम्ही बौद्ध आहोत, हे मला कळत्या वयापासून माहीत होतं. घरात बाबासाहेबांची पुस्तकं होती, जयंतीला मी भाषणं केली होती. पण आम्ही पिंपरीतच का राहिलो, वडिलांनी इतकी वर्षं त्या बसमध्ये का घालवली, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. पिंपरीत राहतो म्हणजे राहतो, असंच मला वाटत होतं. आणि मी अभ्यास करायला निघाले होते त्या गावांत खोल्यांमध्ये कोण आलं नाही याचा.

मला रडू आलं नाही. मला त्या वाक्याचा राग आला, लेखकाचा राग आला, आणि वडिलांचाही थोडा आला.

"तुम्ही सांगताय ते खरं आहे," मी म्हणाले. "पण त्याचं वाक्य बदलायचं नाही. मी हे असंच माझ्या प्रबंधिकेत घेतलं असतं तर? त्याने न लिहिलेलं मी त्याच्या नावावर खपवलं असतं."

"चूक आहे ते. तशीच ठेवू?"

"कंपनीत जॉब मापात नसला तर तुम्ही कानस घेऊन घासत बसायचात का?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "ते आपलं काम नसतं. लाल टॅग लावायचा. काय दोष आहे ते लिहायचं, सही करायची."

"मग?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांनी एका बोटाने मूळ वाक्य जसंच्या तसं परत टाइप केलं. आणि मग वहीचं मागचं पान उघडून पेनने लिहायला घेतलं. 'पान एकशे बारा, ओळ सहा ते आठ.' जेवायची वेळ होऊन गेली तरी ते लिहीत होते.

ती नोंद चार पानांची झाली. ती त्यांच्याकडून वाचून घेत मी टाइप केली आणि माझ्या मार्गदर्शक बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, "एका माणसाच्या सांगण्यावर भागणार नाही. बसमधली आणखी माणसं शोध." वडिलांनी फोन फिरवले. त्यांच्या बसमधले सहा जण मला भेटले, कुणी पिंपरीत, कुणी चिंचवडला मुलाकडे. मी रेकॉर्डर समोर ठेवायचे आणि वडील लांब जाऊन बसायचे, कारण मी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही समोर असलात तर ते तुमच्याच गोष्टीला मान डोलावतील. सगळ्यांचं सारखं नव्हतं. दोघांना गावात खोली मिळाली होती आणि त्या घरमालकांबद्दल ते मायेने बोलले. एक जण म्हणाला, मला खरंच पिंपरीच आवडायची, बायकोचं माहेर जवळ होतं. तिघांनी मात्र भाचीचीच गोष्ट सांगितली. एकाच्या वेळी ती सून होती, एवढाच फरक.

प्रबंधाचा दुरुस्त मजकूर पूर्ण झाल्यावर मी तो पेनड्राइव्हवर घेऊन ग्रंथपाल सरांकडे गेले. त्यांनी तो उघडला आणि 'पाणी' हा शब्द शोधून बघितला. तीनशे पानांत जिथे जिथे पाणी होतं तिथे तिथे संगणक जाऊन थांबला.

"म्हणजे आता हे सगळ्यांनाच शोधता येईल," ते म्हणाले. "आमची मुलं मराठी प्रबंध उघडतच नाहीत. म्हणतात, सर, तीनशे पानं कोण चाळणार?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझ्यापुरता मार्ग काढला होता आणि तो डोळसांच्याही उपयोगाचा निघाला होता. सरांनी मजकूर संग्रहात टाकायचं ठरवलं, पण म्हणाले की लेखकाची परवानगी लागेल. लेखक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, आता मुलीकडे राहत होते. नंबर सरांनीच मिळवून दिला. फोन मी केला.

आधी परवानगीचं बोलले. त्यांना आनंद झाला. वीस वर्षांत तो प्रबंध कुणी वाचलाय असं त्यांना वाटत नव्हतं. मग मी म्हणाले, "सर, एकशे बाराव्या पानाबद्दल बोलायचं होतं." एका कानात स्क्रीन रीडर लावून वाक्य वाचून दाखवलं आणि वडिलांची नोंद वाचून दाखवली. शेवटची तीन पानं वाचताना पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, फोन कट झाला.

"आहे मी," ते म्हणाले. "तुम्ही वाचा."

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मी गावात बसून गाववाल्यांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना इथे राहायचंच नसतं. मी लिहून घेतलं. रोज संध्याकाळी ती बस माझ्या समोरून जायची. बसमधल्या माणसांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही." मग त्यांनी विचारलं, "वडील आहेत का जवळ?"

मी फोन वडिलांकडे दिला. वडील आधी नुसतं "हो सर, हो सर" करत होते. मग गॅलरीत गेले. तासभर बोलत होते. मधेच हसण्याचा आवाज आला. काय बोलणं झालं ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

लेखकाने परवानगी दिली आणि एक अट घातली. दुरुस्त मजकुरासोबत वडिलांची नोंद जोडायची, त्यांच्या सहीसकट, मूळ वाक्याला हात न लावता. ग्रंथपाल सरांना असं आधी कुणी केलेलं माहीत नव्हतं. त्यांनी दोन समित्यांपुढे तो विषय नेला आणि मंजूर करून घेतला. माझ्या प्रबंधिकेत मी प्रबंधाचं वाक्यही दिलं, नोंदही दिली आणि सहा जणांचं म्हणणंही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे नोंद लिहिणारे तुमचे वडील आहेत. मग तुम्ही तटस्थ कशा?" मी म्हणाले, "तटस्थ नाहीये, म्हणूनच पहिल्या पानावर नातं लिहिलंय. आणि ज्यांना पिंपरीच आवडायची त्यांचंही सगळं घेतलंय. तपासून बघा." त्यांनी तपासून बघितलं. मला चांगले गुण पडले.

नोंद संग्रहात आली त्या दिवशी मी ती घरात मोठ्याने लावली, आवाजाचा वेग कमी करून, सगळ्यांना कळेल असा. वडील खुर्चीत बसून ऐकत होते. आई आत भाजी निवडत होती. आईने या सगळ्या महिन्यांत आम्हाला चहा देण्यापलीकडे त्यात काही लक्ष घातलं नव्हतं. नोंद संपली तेव्हा ती दारात येऊन उभी होती.

"माझं नाही आलं त्यात," ती म्हणाली.

"तुझं काय?" वडिलांनी विचारलं.

"ती पहिली खोली तुम्ही बघायच्या आदल्या दिवशी मी बघितल्ती. बसमधल्या एकाची बायको होती संग. मालकीण चांगली बोलली. हो म्हणाली. आडनाव काही विचारलं नाही तिनं. मला वाटलं, झालं काम. झाडू मागितला तिच्याकडं आणि सगळी खोली झाडून काढली. मोरी धुतली. हिला कडेवर घेऊन." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी झाडून आल्ते ती खोली. हे ह्यांना नव्हतं सांगितलं मी कधी."

मी शेजारची खुर्ची सरकवली आणि आईला बस म्हटलं. मग रेकॉर्डर सुरू केला आणि तिला सांगितलं की पहिल्यापासून सांग, अगदी घरातून निघालीस तिथपासून.